रात्री उमलणारा निवडुंग : ड्रॅगन फ्रूट आणि आपली कोरडी जमीन

नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या मार्गावर बुटीबोरी लागते. औद्योगिक वसाहतीमुळे हे गाव दूरवर परिचित झाले असले, तरी वसाहतीची हद्द ओलांडली की कापूस, तूर, सोयाबीन व कोठे कोठे संत्र्याच्या बागा असे विदर्भाचे नेहमीचे चित्र दिसू लागते. या भागातील जमीन एकसारखी नाही. सखल भागात भारी काळी जमीन आणि उंचवट्यावर वीतभर मातीखाली मुरूम लागणारी बरड जमीन, असे दोन्ही प्रकार एकाच शिवारात, पुष्कळदा एकाच शेतकऱ्याच्या खात्यात आढळतात. बरड तुकड्यावर पावसाने पंधरा दिवस ओढ दिली की पीक माना टाकते. अशा तुकड्याचे काय करावे, हा प्रश्न जुनाच आहे. अलीकडे त्यावर ‘ड्रॅगन फ्रूट लावा’ असे उत्तर पुष्कळांकडून मिळते.

या सल्ल्याबरोबर तीन गोष्टी सांगितल्या जातात. हे झाड निवडुंगाच्या जातीचे असल्याने त्याला पाणी लागत नाही, त्याला ऊन बाधत नाही आणि ते कोणत्याही जमिनीत येते. यांपैकी पहिली गोष्ट अर्धी खरी आहे. दुसरी व तिसरी खऱ्या नाहीत. हा भेद समजून घेणे अगत्याचे आहे. तीन मीटर बाय तीन मीटर अंतराने लागवड केली तर हेक्टरी १,१११ सिमेंटचे खांब आणि प्रत्येक खांबाशी चार याप्रमाणे ४,४४४ रोपे लागतात. खांब एकदा पुरले की ते कपाशीप्रमाणे पुढल्या हंगामात बदलता येत नाहीत. बाग पंधरा ते वीस वर्षे एका जागी राहावयाची असते. म्हणून खर्च करण्यापूर्वी हे झाड कोरड्या हवेत कसे तग धरते आणि त्याची सहनशक्ती कोठे संपते, हे पाहिले पाहिजे.

कूळ आणि मायदेश

निवडुंगाचे म्हणजे कॅक्टसचे कूळ मूळचे अमेरिका खंडातील आहे. आपल्या बांधांवर व गावकुसाशी दिसणारा फड्या निवडुंगही तिकडूनच आलेला आहे. थोर व शेर यांना आपल्याकडे निवडुंगच म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु ती झाडे निराळ्या कुळातील होत. फांदी मोडताच त्यांतून पांढरा चीक वाहतो, ही त्यांची ढोबळ ओळख.

ड्रॅगन फ्रूटचे शास्त्रीय नाव सेलेनिसेरियस अंडाटस असे आहे. पूर्वीच्या पुस्तकांत ते हायलोसेरियस अंडाटस या नावाने आढळते. मेक्सिको व मध्य अमेरिका हा त्याचा मायदेश. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. हा निवडुंग उघड्या वाळवंटातील नाही. तो तेथील रानात मोठ्या झाडांच्या बुंध्याला बिलगून वर चढतो, खोडावर फुटलेल्या हवाई मुळांनी आधार धरतो आणि फांद्यांच्या विरळ सावलीत वाढतो. पालापाचोळ्याच्या पातळ थरात किंवा झाडाच्या बेचक्यात पाणी टिकत नाही; पावसाची सर आली की भिजावयाचे आणि ती ओसरली की कोरडे राहावयाचे, असा तेथील क्रम असतो. ही कोरडी वेळ निभावून नेण्यासाठीच या झाडाची सारी रचना झालेली आहे.

त्याचा एक भाऊबंद आपल्या घराघरांत आहे. पावसाळ्यात रात्री उमलणारे पांढरे सुवासिक फूल देणारे व आपण कौतुकाने ‘ब्रह्मकमळ’ म्हणतो ते कुंडीतील झाड एपिफायलम नावाचा निवडुंगच होय. हिमालयातील खरे ब्रह्मकमळ निराळ्या कुळातील आहे. कुंडीतील ब्रह्मकमळ भर उन्हात ठेवले तर पिवळे पडते आणि आडोशाला ठेवले तर फुलते, हा अनुभव ज्यांना आहे त्यांना ड्रॅगन फ्रूटचा स्वभाव समजण्यास कठीण जाऊ नये.

एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांनी हे झाड व्हिएतनाममध्ये नेले. तेथे त्याची मोठी लागवड झाली व पुढे आशियातील इतर देशांत ते पसरले. गुजरात शासनाने २०२१ साली या फळाला ‘कमलम’ असे नाव दिले. महाराष्ट्रात सांगली व सोलापूर जिल्ह्यांच्या अवर्षणप्रवण भागांत त्याच्या बागा उभ्या राहिल्या आहेत, आणि बारामतीजवळ माळेगाव येथील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने खडकाळ, मुरमाड जमिनीत त्याचे प्रयोग केले आहेत.

अंगातच पाण्याचा साठा

ड्रॅगन फ्रूटला पाने नाहीत. पान हे झाडातील पाणी बाहेर जाण्याचे सर्वांत मोठे दार असते. या झाडाने ते दारच बंद केले आहे. पानांच्या जागी बारीक काटे उरले असून अन्न तयार करण्याचे काम हिरव्या, तीन धारांच्या खोडाने पत्करले आहे. खोडावर मेणचट लेप असतो. आत मांसल भाग असून त्यात बुळबुळीत रस भरलेला असतो. हा रस पाणी धरून ठेवतो. पावसात पेर फुगते, उन्हाळ्यात ते आक्रसते आणि धारा उठून दिसू लागतात. म्हणून आक्रसलेली पेरे पाहून झाड वाळले असे समजू नये. ते साठ्यातील पाणी खर्चीत आहे इतकाच त्याचा अर्थ.

मुळांची तऱ्हाही निराळी आहे. तुरीचे मूळ खोल जाते. याची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या फूटभर थरात पसरतात. हलकी सर आली तरी तिचे पाणी चटकन उचलावे, हा त्यामागील हेतू. परंतु वरच्या थरातील मुळांना खालच्या थरातील ओल मिळत नाही, आणि वरच पाणी साचले तर हीच मुळे सर्वांत आधी कुजतात.

रात्रीचा कारभार

या झाडाची सर्वांत मोठी युक्ती मात्र डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक हिरव्या झाडाला अन्न तयार करण्यासाठी हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू लागतो. तो आत घेण्यासाठी पानांवर अतिसूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. रंध्रे उघडली की वायू आत येतो, पण त्याच वाटेने आतील पाणी वाफ होऊन बाहेर जाते. कपाशी, सोयाबीन, तूर, संत्रा ही झाडे रंध्रे दिवसा उघडतात, कारण सूर्यप्रकाश दिवसाच असतो. उन्हाच्या वेळी दार उघडे ठेवल्याने पाण्याचा व्यय फार होतो.

निवडुंगाने हे वेळापत्रक उलटे केले आहे. दिवसा त्याची रंध्रे मिटलेली असतात. सूर्यास्तानंतर हवा निवते व तिच्यातील दमटपणा वाढतो, तेव्हा ती उघडतात. रात्रभर आत घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपाने पेशींत साठविला जातो. सकाळी रंध्रे मिटतात. मग हे आम्ल पुन्हा फुटून त्यातील वायू मोकळा होतो आणि दारे बंद ठेवूनच सूर्यप्रकाशात त्याची साखर बनते.

या युक्तीने किती पाणी वाचते, ते पुढील आकड्यांवरून दिसेल. एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी कपाशी किंवा सोयाबीनसारखे पीक सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम पाणी बाहेर टाकते; ज्वारी, मका यांसारखी पिके २५० ते ३००; आणि निवडुंगाच्या पद्धतीचे झाड केवळ ५० ते १००. अननस, घायपात व पानफुटी यांचीही हीच रीत आहे.

या शोधाचा एक धागा भारतात सापडतो. १८१३ साली भारतात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्राने कळविले की, पानफुटीचे पान पहाटे चुक्याइतके आंबट लागते, दुपारी बेचव होते आणि सायंकाळी किंचित कडवट लागते. रात्री साठलेले आम्ल दिवसा खर्च होते, हेच त्यांच्या जिभेला कळले होते. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांना ही गोष्ट शेतकऱ्यांना सहज दाखविता येईल. चाखण्याची आवश्यकता नाही. ड्रॅगन फ्रूटच्या खोडाचा तुकडा एकदा पहाटे व एकदा सायंकाळी चिरडून शाळेच्या प्रयोगशाळेतील पीएच कागदावर त्याचा रस लावावा. पहाटेचा रस अधिक आम्ल असल्याचे रंगावरून दिसेल.

या रीतीचे मोल मात्र चुकवावे लागते. रात्री साठेल तेवढ्याच वायूवर दिवसाचे काम चालते. म्हणून असे झाड वेगाने वाढत नाही, आणि रात्र थंड न झाल्यास त्याचा धंदाच बसतो.

फूल रात्रीच का उमलते

ड्रॅगन फ्रूटचे फूल चांगले वीतभराहून मोठे, पांढरे व सुवासिक असते. कळी दिसल्यापासून सुमारे तीन ते चार आठवड्यांनी एका संध्याकाळी ती उमलू लागते. मध्यरात्रीच्या सुमारास फूल पूर्ण उघडते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढले की कोमेजते. एवढे मोठे, पातळ पाकळ्यांचे फूल दुपारच्या उन्हात उघडे ठेवणे पाणी राखून जगणाऱ्या झाडाला परवडणारे नाही. शिवाय मायदेशात त्याचे परागीकरण करणारे प्राणी निशाचर आहेत : मध पिणारी वटवाघळे आणि मोठे पतंग. अंधारात दिसावे म्हणून पांढरा रंग आणि दुरून ओळखू यावे म्हणून सुवास.

आपल्याकडे ती मध पिणारी वटवाघळे नाहीत. पतंग येतात, आणि फूल मिटण्यापूर्वी पहाटे मधमाश्या येतात. फुलाचा स्त्रीकेसर पुंकेसरांच्या वर उभा असल्याने पराग त्यावर आपोआप पडेलच असे नाही. पांढऱ्या गराचे बहुतेक वाण स्वतःच्या परागावर फळ धरतात. लाल गराच्या अनेक वाणांना मात्र दुसऱ्या वाणाचा पराग लागतो. एकाच लाल वाणाची सलग बाग लावली, फुले भरपूर आली आणि फळ धरले नाही, असा प्रकार यामुळे घडतो. बागेत किमान दोन वाण मिसळून लावणे आणि फुलाच्या रात्री किंवा पहाटे मऊ कुंचल्याने पराग फिरविणे, हे त्यावरील सोपे उपाय आहेत. फुलांच्या दिवसांत सायंकाळी वा पहाटे कीटकनाशक फवारू नये. अन्यथा उरलेले मदतनीसही नष्ट होतील.

फुले दिवस मोठा असताना, म्हणजे साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत टप्प्याटप्प्याने येतात. उमलल्यापासून सुमारे पाच आठवड्यांत फळ तयार होते. काढल्यानंतर ते आंब्याप्रमाणे अढीत पिकत नाही. म्हणून रंग पूर्ण भरल्यावरच तोडावे.

बुटीबोरीच्या हवेत काय घडेल

आता हा स्वभाव आपल्या हवेशी ताडून पाहू. नागपूर भागात वर्षाला सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक चार महिन्यांत येतो. पावसाचे हे मान या झाडाला पुरेसे आहे. अडचणी येतात त्या दोन महिन्यांत : मे आणि जुलै.

मे महिन्यात नागपूरचे दुपारचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाते, आणि रात्रीही ते पुष्कळदा २८ ते ३० अंशांखाली उतरत नाही. या झाडाचे रात्रीचे काम दिवसा ३० व रात्री २० अंशांच्या आसपास उत्तम चालते. मे महिन्यात दिवसही तापलेला व रात्रही तापलेली. त्यामुळे रंध्रे उघडून वायू घेण्याचे काम मंदावते. दारे मिटलेल्या खोडाला पाण्याची वाफ सोडून स्वतःला थंडही करता येत नाही. नैर्ऋत्य बाजूचे खोड आधी पिवळे पडते, मग पांढुरके होते आणि शेवटी भाजल्यासारखे तपकिरी होते. भाजलेल्या जागेतून पावसाळ्यात बुरशी शिरते व खोडकुज होते. इस्राएलमधील नेगेव्ह वाळवंटात गेल्या शतकाच्या अखेरीस या पिकाचे प्रयोग झाले, तेव्हा तेथील शास्त्रज्ञांनी ते उघड्यावर न लावता जाळीच्या सावलीखाली लावले. वाळवंटातही ज्या निवडुंगाला सावली द्यावी लागली, त्याला विदर्भाच्या उन्हात उघडे सोडून चालणार नाही.

जुलैमध्ये संकट उलट असते. काळी जमीन पाणी धरते. पावसाची झड लागली की तिच्यातील हवा निघून जाते आणि वरच्या थरातील नाजूक मुळे गुदमरतात. पाणी साठविण्यात तरबेज असलेल्या या झाडाला साचलेल्या पाण्यात जगण्याची विद्या अवगत नाही. यावरून असे दिसेल की, आपल्या शिवारात या पिकाचे खरे स्थान उंचवट्यावरील बरड, मुरमाड तुकडा हेच आहे. कापसाची भारी जमीन कापसालाच राहू द्यावी.

लागवडीचे नियम

१. जमिनीची परीक्षा : पावसाळ्यात जमीन ओली असताना गुडघाभर खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात पाणी उभे असल्यास ती जागा सोडून द्यावी. पाणी निघून गेले असल्यास माती परीक्षण करून पुढील विचार करावा.

२. गादीवाफा : जमीन मुरमाड असली तरी रोप सपाटीवर लावू नये. उंच गादीवाफा करून त्यावर लावावे व पाणी वाहून जाण्यास चर ठेवावा. उंच भाग खांबाशी असावा, म्हणजे बुंध्याशी पाणी थांबत नाही.

३. बेणे : निरोगी झाडाची पूर्ण वाढलेली फांदी घ्यावी. कापल्यावर ती लगेच मातीत लावू नये. चार ते सात दिवस सावलीत ठेवून कापलेली जागा सुकू द्यावी. ओला काप मातीत गेल्यास रसाळ खोड कुजते.

४. आधार : हे वेलवर्गीय झाड आहे. खांबावर गोल कडे किंवा चौकट बसवून फांद्या वरून छत्रीसारख्या खाली सोडाव्यात. वजन पुढे बरेच वाढते. खांब कच्चा असल्यास वावटळीत बाग आडवी होते.

५. सावली : मार्च अखेरीपासून पाऊस येईपर्यंत ३० ते ५० टक्के सावली देणारी जाळी बांधावी. खर्च झेपत नसल्यास पानवेलीला देतात त्याप्रमाणे शेवरीची, अथवा शेवगा किंवा हादगा यांची विरळ सावली नैर्ऋत्य बाजूने करावी. पाऊस लागल्यावर सावली कमी करावी, कारण दाट सावलीत फुले कमी येतात.

६. पाणी : पाणी लागत नाही ही समजूत सोडावी. पाण्यावाचून झाड अनेक आठवडे जिवंत राहते हे खरे. परंतु जगणे निराळे आणि पिकणे निराळे. ताण वाढला की रात्री वायू घेणे कमी होत जाऊन थांबते, व मग वाढ, फूल, फळ काहीच होत नाही. ठिबकने थोडे थोडे, माती ओलसर राहील इतकेच पाणी द्यावे. मे महिन्यात ते सायंकाळी द्यावे. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन करावे, पण ते खोडाला टेकू देऊ नये.

७. खत : चांगले कुजलेले शेणखत पावसाच्या आरंभी व पावसानंतर द्यावे. झाड मे महिन्यात विसावलेले असते. त्या वेळी खतांचा मारा करून कोवळी फूट आणू नये. ती फूट आधी भाजते.

आधी थोडे, मग अधिक

लागवडीनंतर साधारण दीड ते दोन वर्षांनी पहिली फळे दिसतात. तोवर खांब, ठिबक, जाळी व मजुरी यांत पैसा अडकून राहतो. कर्ज काढून एकदम एकर-दोन एकर बाग उभी करणाऱ्या शेतकऱ्याला पहिल्याच मे महिन्याने भाजले किंवा पहिल्याच झडीने कुजविले, तर त्याचे नुकसान एका हंगामाचे नसून अनेक वर्षांचे असते. म्हणून पहिल्या वर्षी दहा ते वीस खांबांचीच लागवड करावी. त्यांतील निम्म्यांना सावली द्यावी, निम्म्यांना देऊ नये. एक उन्हाळा व एक पावसाळा त्यांच्यावरून जाऊ द्यावा. कोणते खोड पिवळे पडले, कोठे पाणी साचले, कोणत्या वाणाने तग धरला, याची नोंद वहीत ठेवावी. त्या नोंदीवरून स्वतःच्या जमिनीचा जो निकाल कळेल, तो दुसऱ्याच्या बागेच्या यशोगाथेहून अधिक भरवशाचा असेल. अनुदानाचे नियम वेळोवेळी बदलतात. ते तालुका कृषी कार्यालयात विचारूनच खर्चाचा आराखडा करावा.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्याला एखाद्या शेतकऱ्याने ‘हे निवडुंगच ना, मग काळजी कशाची?’ असे विचारल्यास त्याला पुढीलप्रमाणे समजावून सांगावे. हा निवडुंग दिवसा दार लावून घेतो व रात्री काम करतो, म्हणून थोड्या पाण्यावर निभावतो. उन्हाशी झुंजून तो पाणी वाचवीत नाही. उन्हाची वेळ टाळून वाचवितो. त्याला दिवसा थोडी सावली, रात्री थोडा गारवा आणि पायाखाली निचरा मिळाला, तर आजवर ज्या बरड तुकड्याने बियाण्याचा खर्चही भरून दिला नाही, तो तुकडा फळ देऊ शकेल. यांपैकी एकाही गोष्टीची सोय होत नसेल, तर त्या तुकड्यावर खांब पुरू नयेत, असे स्पष्ट सांगण्यास संकोच करू नये.